बाळ नका घेऊ, बाकीचं सगळं घ्या

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले होते, की ज्या घरात पैशाची, आजारपणाची नाहीतर भांडणांची ओढाताण चालू असते तिथं आईचं आणि बाळाचं सूत जुळायला जरा जास्त वेळ लागतो आणि त्यात आईचा काही गुन्हा नसतो. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की यावेळी बाकीचे सगळे प्रश्न बाजूला ठेवलेत. नावं, गावं, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, आणि काही पत्रं बरीच छाटलीत, त्याबद्दल सॉरी.

प्रश्न : ताई, माझी मुलगी ३२ व्या आठवड्यात झाली. पाच आठवडे काचेच्या पेटीत होती. त्याच महिन्यात नवऱ्याची नोकरी गेली. मी रोज जायचे, हात धुवायचे, काचेतून बघायचे आणि परत यायचे. सगळ्या म्हणतात बाळाला बघितलं की आतून काहीतरी होतं, मला काहीच झालं नाही. उलट तिथली नर्स तिला माझ्यापेक्षा जास्त ओळखते असं वाटायचं. आता ती चार महिन्यांची आहे, घरी आहे, मी सगळं करते पण ड्युटी केल्यासारखं. ती माझ्याकडे बघून हसत पण नाही धड. ते पहिले तास हुकले ते हुकलेच का?

उत्तर : नाही गं. आणि हे 'पहिले तास' प्रकरण आलं कुठून ते आधी सांगते, कारण त्याने फार आयांना रडवलंय. अमेरिकेत क्लाउस आणि केनेल नावाच्या दोन डॉक्टरांनी १९७२ मध्ये एक अभ्यास छापला. जन्मल्यावर पहिल्या तीन दिवसांत ज्या आयांना बाळ जास्त वेळ जवळ मिळालं त्यांची बाळाशी जवळीक जास्त दिसली, असं त्यात होतं. आया किती होत्या माहितीये? २८. पण त्यातून एक चांगली गोष्ट झाली, बाळाला आईपासून लांब ठेवायची दवाखान्यांची जुनी पद्धत मोडायला लागली. आणि एक वाईट झाली, ती म्हणजे लोकांनी धरूनच ठेवलं की त्या वेळात जमलं तर जमलं, नाहीतर गाडी सुटली. पुढच्या अभ्यासांमध्ये असली कुठली गाडी सापडलेली नाही. असतीच तर दत्तक घेतलेली मुलं आईला बिलगलीच नसती ना.

दुसरं, तू वय चुकीचं मोजतेयस. ३२ व्या आठवड्यात झालेली मुलगी आज चार महिन्यांची म्हणजे तिच्या ठरलेल्या तारखेपासून मोजलं तर दोनच महिन्यांची झाली. माणसाकडे बघून हसायला बाळं साधारण सहा ते आठ आठवड्यांना लागतात आणि लवकर झालेल्या बाळाचे हे आठवडे ठरलेल्या तारखेपासून धरायचे असतात. म्हणजे ती काही तुझ्यावर रुसलेली नाहीये, तिची आत्ताशी वेळ होतेय. (पुढच्या महिनाभरातही काही दिसलं नाही किंवा ती तोंडाकडे बघतच नाही असं वाटलं तर मात्र डॉक्टरांना दाखव, डोळे आणि कान दोन्ही.)

आता काय करायचं. एक म्हणजे अंगाशी घे, कपडे मध्ये न आणता, तिची छाती तुझ्या छातीवर. ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, तिथं पेट्या कमी आणि बाळं जास्त होती म्हणून एडगर रे नावाच्या डॉक्टरांनी बाळं सरळ आयांच्या अंगाशी बांधली. म्हणजे गरजेपोटी काढलेली युक्ती, आणि आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की कमी वजनाच्या बाळाला जन्मापासूनच दिवसाचे ८ ते २४ तास असंच ठेवा. तुझी आता मोठी झालीये, तिला तेवढ्याची गरज नाही, पण अर्धा तास दोघींनाही बरा. फक्त स्वतः जागी असताना, सोफ्यावर डुलकी लागत असेल तेव्हा अजिबात नको.

दुसरं म्हणजे लंगोट बदलणं. हसू नकोस. दिवसातून आठ-दहा वेळा ते काम करतेसच आणि ड्युटीसारखं करतेस म्हणालीस, त्यातली एकच वेळ निवड. लंगोट बांधून झाला की लगेच उचलू नकोस. तिचे दोन्ही तळवे हातात धर, तोंड वीतभर अंतरावर आण, लहान बाळांना तेवढंच नीट दिसतं. काहीतरी बोल, काहीही, लाइटबिलाबद्दल बोललीस तरी चालेल. आणि मग गप्प बस. ही गप्प बसायची जागा महत्त्वाची, आपण सगळ्या तिथंच चुकतो, बोलतच सुटतो. थांबलीस की ती पाय झटकेल, ओठांचा चंबू करेल, नाहीतर एक बारीक 'अं' येईल. ती तिची पाळी होती. आता तू बोल. तीनचार वेळा झालं की मान फिरवेल. लवकर झालेली बाळं पटकन दमतात, मान फिरवली म्हणजे 'नको तू' नाही, 'थांब जरा'. थांब. ती परत येते. बघच.

आतून काही होतंय का ते रोज तपासू नकोस. पण उदास वाटणं, झोप न लागणं, कशातच मन नसणं हे दोन आठवड्यांच्या वर चालू असेल तर पुढचं उत्तर तूही वाच.

प्रश्न : माझी सून बाळंत होऊन तीन महिने झालेत. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असते, नाहीतर मोबाईल. बाळ रडलं तरी कधी कधी उठत नाही. मुलगा रात्रपाळीला, घरात करणारी मी एकटी. शेवटी बाळाला मीच माझ्या खोलीत आणलंय, माझ्याकडे छान राहतो. काल सून म्हणाली, तुमच्याकडेच राहू दे त्याला, माझ्यापेक्षा तुम्हीच बऱ्या. मला रागही आला आणि भीतीही वाटली. हा आळस म्हणायचा की आजार?

उत्तर : काकू, तुम्हाला भीती वाटली ना, ती बरोबर वाटली. रागापेक्षा तिचं ऐका. 'माझ्यापेक्षा तुम्हीच बऱ्या' हे आळशी माणसाचं वाक्य नाहीये, आळशी माणूस 'तुम्ही घ्या जरा' म्हणून मोकळा होतो.

बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत रडू येणं, चिडचिड, हे खूप जणींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. तीन महिने टिकलेलं हे तसलं नाही. याला डिप्रेशन म्हणतात आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे जगात बाळंत झालेल्या १०० जणींतल्या साधारण १३ जणींना मनाचा आजार होतो, त्यात सगळ्यात जास्त हाच, आणि जिथं पैशाची चणचण, घरात ताण, मदतीला कोणी नाही तिथं प्रमाण आणखी जास्त. हे ओळखायला १९८७ मध्ये स्कॉटलंडमध्ये १० प्रश्नांचा एक साधा कागद तयार झाला, एडिनबरा स्केल म्हणतात त्याला, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच विचारतात, पाच मिनिटं लागतात. त्यावर आजाराचा शिक्का बसत नाही पण डॉक्टरला दिशा कळते. सुनेला घेऊन जा आणि हा कागद भरून घ्यायला सांगा. त्यातला दहावा प्रश्न स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का असा आहे. तो तुम्ही घरीही विचारू शकता, आजच विचारा, दार लावून, सरळ शब्दांत. विचारल्याने डोक्यात भरवलं जात नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं होतं. 'हो' म्हणाली तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि तिला नसलेले आवाज ऐकू येत असतील, बाळाबद्दल भलतंच काही बोलत असेल, दिवसरात्र झोपच नसेल, तर ती इमर्जन्सी आहे, तेव्हा बाळाला तिच्यापाशी एकटं ठेवायचं नाही. हा प्रकार क्वचित होतो, हजारात एखाद-दोन जणींना, पण झाला तर थांबायला वेळ नसतो.

उपचार आहेत, बोलून करायचे आणि गोळ्यांचे दोन्ही, आणि अंगावर पाजतानाही चालतील अशा गोळ्या असतात. कुठल्या ते डॉक्टर ठरवतील, शेजारीण नाही.

आता तुमच्या खोलीबद्दल. काकू, तुम्ही चांगल्या मनानेच आणलंत बाळाला, मला माहितीये. पण तिच्या बाजूने बघा, ती पडल्या पडल्या ऐकतेय की बाळ पलीकडच्या खोलीत हसतंय. तिला आधीच वाटतंय आपण नालायक, आणि घराने तिला कागदावर सही करून दिली. म्हणून बाळ घेऊ नका, बाकीचं सगळं घ्या. कपडे घ्या, स्वयंपाक घ्या, बाटल्या उकळणं घ्या, आलेगेले लोक घ्या, रात्रीची एक वेळ मुलाला सुट्टीच्या दिवशी घेऊ द्या म्हणजे तिला सलग चार-पाच तास झोप मिळेल. आणि बाळाला तिच्या कुशीत ठेवून तुम्ही त्याच खोलीत घड्या घालत बसा. तिने काही करायलाच हवं असं नाही. त्याने नुसतं तिचा शर्ट धरून पडू दे.

आणि तुमच्या तोंडात एक वाक्य असेल, 'माझ्याकडे कसा गुणी राहतो', ते तेवढं गिळा. त्याऐवजी बघत राहा आणि दिसलं की सांगा, 'तू बोललीस आणि बघ चोखायचा थांबला.' हे खोटं कौतुक नाहीये बरं का. १९८० मध्ये डीकॅस्पर आणि फायफर या दोन संशोधकांनी तीन दिवसांच्या आतल्या बाळांच्या तोंडात निपल आणि कानावर हेडफोन दिले होते, एका लयीत चोखलं की आईचा आवाज आणि दुसऱ्या लयीत परक्या बाईचा. बाळांनी आईचा आवाज येईल तशी चोखायची लय बदलली. तीन दिवसांची पोरं! तुमचा नातू तर तीन महिन्यांचा आहे. तो तिला ओळखतो, तिलाच ते कळत नाहीये सध्या, आणि ते तिला सांगू शकेल असं माणूस त्या घरात तुम्हीच आहात.

प्रश्न : पैसे नाहीत, घर धड नाही, नवरा-बायकोचं पटत नाही, मग अशा लोकांनी मुलं जन्माला घालावीतच कशाला? तुम्ही उगाच त्यांना गोंजारता. स्पष्ट लिहिल्याबद्दल राग नसावा.

उत्तर : राग नाही, पण मूल आलेलं आहे हो, आता 'कशाला' विचारून ते परत जाणारे का? आणि गोंजारण्याचा हिशोब ऐका. अमेरिकेत एल्मायरा नावाच्या गावात डेव्हिड ओल्ड्स या संशोधकांनी १९७७ च्या सुमारास एक काम सुरू केलं. पहिलटकरणी, त्यात बऱ्याच जणी कोवळ्या वयाच्या, एकट्या किंवा हातात पैसा नसलेल्या. अशांतल्या काही जणींकडे गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत एक नर्स घरी जात राहिली. दर वेळी तीच नर्स. १५ वर्षांनी बघितलं तर त्या घरांमध्ये मुलांना मारहाण आणि हेळसांड झाल्याच्या नोंदी बाकीच्यांपेक्षा जवळजवळ निम्म्या होत्या. टोमणे मारून असं कुठं झाल्याचं माझ्या वाचनात नाही. पुढचं पत्र.

प्रश्न : ताई, मी मारहाणीच्या घरातून मुलाला घेऊन बाहेर पडले, पाच महिने झाले, सध्या बहिणीकडे आहोत एका खोलीत. मुलगा तीन वर्षांचा. रात्री माझे केस मुठीत धरून झोपतो आणि दिवसा मलाच मारतो, चावतो. बहिणीला नाही मारत, मलाच. परवा मी पण त्याला जोरात मारलं आणि ओरडले की तू अगदी बापासारखा आहेस. तो एकदम शांत झाला, पुतळ्यासारखा. मला ती शांतता विसरता येत नाहीये. मी त्याचं कायमचं नुकसान केलं का?

उत्तर : एका दुपारने कायमचं नुकसान होत नाही. पण ती शांतता तुला विसरता येत नाहीये हे चांगलं आहे, तिथूनच सुरू करू.

आधी मारण्याचं. तो बहिणीला मारत नाही आणि तुला मारतो, कारण तू जाणार नाहीस हे त्याला पक्कं माहितीये. तीन वर्षांच्या पोराला 'मला त्या घरातलं आठवतं आणि पोटात गोळा येतो' असं म्हणता येत नाही, तो दात लावतो. आणि रात्री तेच पोर तुझे केस धरतं. दिवसाचं आणि रात्रीचं मूल एकच आहे.

एड ट्रॉनिक म्हणून एक मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आया आणि बाळं समोरासमोर बसवून शूटिंग केलं आणि सेकंदासेकंदाने तपासलं. तर चांगलं जमलेल्या जोड्यांमध्येसुद्धा दोघांचा सूर एका वेळी लागलेला असतो तो साधारण ३० टक्केच वेळ. बाकी वेळ चुकतं, निसटतं, आणि पुन्हा जुळवून घेतलं जातं. त्यांचाच दुसरा प्रयोग गाजलेला आहे, १९७५ मध्ये पहिल्यांदा मांडला होता. आई दोनतीन मिनिटं चेहरा दगडासारखा ठेवते, बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, मग कासावीस होऊन तोंड फिरवतं. लोक तेवढंच लक्षात ठेवतात. त्याच्या पुढचा भाग असा की आई परत बोलायला लागते, बाळ जरा रुसतं आणि मग परत येतं. तुझ्याकडे तो पुढचा भाग अजून बाकी आहे.

तर आज, तो शांत असताना, त्याच्या उंचीला बस. 'परवा मी तुला मारलं. तू घाबरलास. मारणं माझं चुकलं. तू बाबासारखा नाहीस, तू तू आहेस.' एवढंच. रडू आलं तर येऊ दे पण त्याने तुझे डोळे पुसावेत अशी वेळ आणू नकोस, ते काम बहिणीचं. 'आता तूच घरातला पुरुष' वगैरे कोणी म्हणत असेल तर तेही बंद कर, तीन वर्षांचा आहे तो. आणि पुढच्या वेळी हात उगारला की त्याचा हात धर, 'मारू देणार नाही. राग आलाय, तो सांग', आणि उशी दे हवं तर. पन्नास वेळा करावं लागेल. बापाबद्दल चांगलं-वाईट काही सांगत बसू नकोस, 'तिथं मारामारी व्हायची, म्हणून आपण इथं आलो, इथं मी तुला सांभाळते' इतकं त्याला पुरतं.

एका खोलीत अंथरुणाची जागा रोज तीच ठेव, झोपायच्या आधीचा क्रम तोच ठेव. त्याला अजून खात्री नाहीये की उद्याही इथंच असणार आहोत. सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी आई आणि मूल दोघांना एकत्र बसवून, खेळातून काम करणारे समुपदेशक असतात, तसं कोणी मिळालं तर नक्की जा. आणि तो माणूस अजून माग काढत असेल तर ही सगळी उत्तरं नंतर, आधी पोलीस आणि वकील.

प्रश्न : दोन शिफ्ट करते, एकटी कमावणारी. १४ महिन्यांची मुलगी शेजारच्या आजींकडे दिवसभर मजेत असते आणि मी दारात आले की भोकाड पसरते. तिला मी नकोशी झालेय का?

उत्तर : उलटं आहे बाई. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आधी युगांडात आणि मग अमेरिकेत आया-मुलं बघण्यात वर्षं घालवली आणि मग वीसेक मिनिटांची एक चाचणी बसवली, त्यात आई खोलीतून बाहेर जाते आणि परत येते. मूल किती रडलं यापेक्षा ती परत आल्यावर काय करतं यावर त्यांचं खरं लक्ष असायचं. तुझी रडते, आणि मग खांद्यावर शांत होते का? होत असेल तर झालं. दिवसभराचं गाठोडं ती तुझ्यापाशीच सोडते. आल्या आल्या पिशवी खाली, पहिली दहा मिनिटं तिची, फोन-बिन नंतर. सकाळी तिचा डोळा चुकवून पळू नकोस, रडली तरी 'येते' सांगून जा. आणि आजींवर जळू नकोस, एका मुलाची दोनतीन माणसं हक्काची असू शकतात, त्याने तुझा वाटा कमी होत नाही.

प्रश्न : मी संस्थेत वाढले. आई कोण माहीत नाही. आता मला सात महिन्यांचा मुलगा आहे. तो रडला की मी बधिर होते, आवाज लांबून येतो असं वाटतं, मग भानावर येऊन धावते. ज्या बाईला आईच मिळाली नाही ती आई होऊ शकते का? नवरा म्हणतो तू पुस्तकं वाचून मूल वाढवतेस. त्याचं बरोबर आहे, कारण मला आठवायला काहीच नाही (एक स्वयंपाकाच्या मावशी होत्या, रविवारी माझे केस विंचरायच्या, बाकी कोणी नाही).

उत्तर : तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

संस्थेत वाढल्याने माणसाचं काय होतं यावर सगळ्यात नेटका अभ्यास रोमेनियात बुखारेस्टमध्ये २००० साली सुरू झाला, संस्थांमधल्या १३६ मुलांवर. अर्ध्या मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून सांभाळणाऱ्या कुटुंबांमध्ये दिलं. ती मुलं सावरली, विशेषतः दोन वर्षांच्या आत गेलेली जास्त. म्हणजे उशीर महागात पडतो हे खरं, आणि एक ठरलेलं माणूस मिळालं की मूल त्याला धरतं हेही खरं. तुझ्यातलं काय तुटलं असेल ते मी इथं बसून सांगणार नाही. पण ऐक.

१९७५ मध्ये लहान मुलांच्या मनावर काम करणाऱ्या सेल्मा फ्रायबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका आईबद्दल लिहिलं. तिचं साडेपाच महिन्यांचं बाळ किंचाळत होतं आणि ती त्याला मांडीवर घेऊन कुठंतरी शून्यात बघत होती, जसं ऐकूच येत नाहीये. तू लिहिलंयस ना 'आवाज लांबून येतो', अगदी तेच. तिचं स्वतःचं लहानपण टाकून दिल्यासारखं गेलं होतं. त्या लोकांनी तिला बाळाला कसं घ्यायचं ते शिकवलं नाही. तिला विचारलं, तुझं कोणी ऐकलं होतं का? ती बोलायला लागली, रडली, आणि थोड्या भेटींमध्ये असं दिसलं की बोलता बोलता तिने बाळाला आपणहून जवळ ओढून घेतलंय. जिचं रडणं कोणी ऐकलं नाही तिला दुसऱ्याचं ऐकू येणं बंद होतं, आणि तिचं ऐकलं की तिचे कान उघडतात, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून तुला पुस्तकांपेक्षा एक माणूस हवंय. समुपदेशक मिळाली तर उत्तमच, तोवर नवऱ्याला सांग की रविवारी अर्धा तास उपाय न सुचवता नुसता ऐकत बस. बधिर व्हायला लागलीस की जमिनीवर बस, तळपाय टेकव, आणि मुलाला उचलायच्या आधी मोठ्याने म्हण, 'ऐकलं, येतेय.' त्याच्यासाठी पण आणि तुझ्यासाठी पण. आणि भानावर येऊन धावतेस ना, ते धावणं मोजायचं का नाही?

विनिकॉट नावाचे एक इंग्लिश बालरोगतज्ज्ञ होते, त्यांनी १९५३ मध्येच लिहून ठेवलंय की बाळाला परिपूर्ण आई लागत नाही, पुरेशी चांगली पुरते. पुस्तकं वाचून वाढवतेस तर वाढव. स्वयंपाकही लोक वाचून शिकतात.

आता ती कंसातली ओळ. एवढ्या लांब पत्रात तू त्या मावशींना कंसात टाकलंस, 'बाकी कोणी नाही' म्हणून. मला तर सगळ्या पत्रात त्याच दिसत राहिल्या. २००५ मध्ये अलिशिया लिबरमन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अशाच माणसांबद्दल लिहिलंय, लहानपणी ज्यांच्या हाताखाली क्षणभर का होईना आपल्याला बरं वाटलं अशा माणसांबद्दल. त्या आठवणी आई झाल्यावर कामाला येतात, पण आधी त्या आपल्याकडे आहेत हे कळावं लागतं. मावशी मागून विंचरायच्या की समोर बसवून? गुंता आला की वरून धरायच्या का, दुखू नये म्हणून? काही बोलायच्या का? आठवेल तसं लिहून पाठव, पानभर झालं तरी चालेल, मी छापणार नाही. आणि मुलाला केस किती आलेत ते लिहायला विसरलीस.